पाटाचा गाळ कोणी काढावयाचा?

पावसाळा सरत येतो, पोळा मागे पडतो, नदीचे गढूळ पाणी निवळू लागते, आणि मग पांझरेकाठच्या गावांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. बंधाऱ्यापासून शेतापर्यंत येणारा पाट पुराच्या गाळाने भरलेला असतो. काठांवर गवत माजलेले असते. कोठे भगदाड पडलेले असते. आणि अलीकडे गावच्या उकिरड्यावरील प्लॅस्टिकही त्यात येऊन अडकलेले असते. हा पाट कोणी साफ करावयाचा? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर सर्वांस ठाऊक होते. आज तो विचारला जातो, ह्यातच काय बिघडले आहे ते दिसून येते. पाटाच्या माथ्यावरचा शेतकरी म्हणतो, ‘माझ्या शेतास पाणी मिळते, मी कशाला खपू?’ शेवटचा म्हणतो, ‘मजपर्यंत पाणी येतच नाही, मी कोणासाठी खपू?’ ज्याची विहीर आहे तो म्हणतो, ‘मी पाटावर अवलंबून नाही.’ आणि तिघेही मिळून म्हणतात, ‘सरकारने काढावा.’

ह्या चार उत्तरांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. फड पद्धतीची थोरवी गाणारे लेख पुष्कळ झाले, आणि तिच्या नावाने हळहळणारेही पुष्कळ झाले. आम्हांस दोन्ही करावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, फडाचा जीव बंधाऱ्याच्या दगडात नव्हता आणि पिकांच्या पाळीतही नव्हता; तो वर्षातून ठरलेल्या दिवशी हातात फावडे घेऊन पाटावर उभे राहण्याच्या सामायिक बंधनात होता. ते बंधन राखले तर बाकीचे बदलले तरी चालेल. ते गेले तर बाकीचे सारे जसेच्या तसे ठेवूनही उपयोग नाही.

आमचे जळगावकडील वाचक केळी-कापसाच्या मुलखातले असल्यामुळे त्यांच्यासाठी फड म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पांझरा नदी साक्री तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते, पिंपळनेर व साक्रीच्या बाजूने पूर्वेकडे वाहत धुळ्यास येते आणि पुढे उत्तरेकडे वळून शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापीस मिळते. हिच्या काठी, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम ह्या नद्यांच्या काठी, लहान लहान गावांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडी बंधारे घातले. हे बंधारे पाणी साठविण्याकरिता नव्हेत; वाहत्या नदीचे पाणी थोडे उचलून बाजूच्या पाटात वळविणे एवढेच त्यांचे काम. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जादा पाणी परत नदीत सोडून देण्याकरिता सांडम, अशी ही रचना. एका गावाने वळविलेल्या पाण्यापैकी जे जमिनीत मुरते ते पाझरून पुन्हा नदीस येते व खालच्या गावाच्या बंधाऱ्यास मिळते. येणेप्रमाणे एकाच नदीवर एकाखाली एक अशी अनेक गावे नांदत आली.

बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या सर्व क्षेत्राचे सामान्यतः चार भाग केलेले असत; हेच फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, तिसऱ्यात खरिपाचे, आणि चौथा पडीत, अशी पाळी फिरत राही. नदीस पाणी किती आहे ते पाहून त्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे गाव मिळून ठरवी. पाणी उदंड असले तर अधिक फड भिजत. टंचाई असली तर कमी. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी सर्व फडांत विखुरलेली असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी त्याची झळ सर्वांस सारखी लागे. एकाचा मळा हिरवा आणि दुसऱ्याचा वाळला असे होत नसे. पीक एकाच जातीचे असल्यामुळे पाणी देण्याची वेळ एक, राखण एक. आणि उसाचे पीक जागा बदलत राहिल्यामुळे जमीन चोपण होण्याचे भय कमी.

आता ह्या व्यवस्थेतील जो भाग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो सांगतो. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतास पाणी द्यावयाचे नसे. पाट सांभाळण्यास पाटकरी, देखरेखीस हवालदार, पिकाच्या राखणीस जागल्या, आणि प्रत्यक्ष पाणी भरण्यास बारेकरी, अशी माणसे गावाने नेमलेली असत आणि त्यांचा मोबदला शेतकरी बहुधा धान्याच्या रूपाने देत. बारेकरी एका शेताचे भिजणे संपवून लगतच्या शेतात पाणी फिरवी. दिवस असो वा रात्र असो. शेत कोणाचे, पाटलाचे की विधवेचे, हे पाहण्याचे त्यास कारण नसे. मालक बांधावर हजर नसला तरी त्याचे शेत भिजे, आणि हजर असला तरी अधिक भिजत नसे. पाण्यावरून होणारी भांडणे मिटविण्यापेक्षा ती उद्भवूच नयेत अशी ही योजना होती.

ही काही आमची कल्पना नव्हे. मुंबई सरकारने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या खानदेशच्या गॅझेटियरात येथील बंधारे-पाटांची नोंद आहे. पुढे १८८४ साली नोकरीस लागलेले तरुण अभियंते विश्वेश्वरय्या ह्यांना खानदेशात पाठविण्यात आले. साक्री तालुक्यातील दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांजकडे होते, आणि भर पावसाळ्यात नदीने त्यांची चांगलीच परीक्षा पाहिली. त्याच विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. पाणी एकाच ठिकाणी जिरू न देता अनेक गावांत ठरावीक गटांनी वाटून द्यावयाचे, आणि पिकांची पाळी ठेवावयाची, हे तिचे सूत्र होय. पांझरेकाठचा फड ज्याने पाहिला आहे त्यास ह्या सूत्रातील नातलगपण ओळखण्यास वेळ लागणार नाही.

मग इतकी चांगली व्यवस्था ढासळली कशी? दोष एकट्या कोणाचा नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. वरच्या अंगास धरणे झाली. लाटीपाडा, मालनगाव, जामखेडी आणि खाली अक्कलपाडा ह्या प्रकल्पांमुळे नदीचा नैसर्गिक प्रवाह राहिला नाही. पाणी आता आवर्तनाने, वरून सोडतील तेव्हा, येते. धरणांनी अनेक गावांची तहान भागविली हे खरे. परंतु नदीकडे पाहून गावाने आपला निर्णय आपण करावा, ही सवय त्यामुळे मोडली. विजेचे व डिझेलचे पंप आले आणि ज्याच्याजवळ पैसा त्याने नदीत किंवा थेट पाटात नळी टाकली. वारसांच्या वाटण्या झाल्या; चारही फडांत तुकडा असलेले खातेदार कमी झाले, आणि एकाच फडात जमीन असलेल्याने आपला फड पडीत राहू देण्यास का कबूल व्हावे? बाजारभाव पाहून प्रत्येकास निराळे पीक हवेसे वाटू लागले. ह्यांतील एकही कारण निव्वळ लोभाचे नाही. कोणत्याही शहाण्या गृहस्थाने हेच केले असते. प्रत्येकाने शहाणपणा केला आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले, असाच हा प्रकार आहे.

विहिरीवाल्या बंधूंचे म्हणणे आम्ही आता विचारात घेतो; कारण चार उत्तरांत तेच सर्वांत सबळ आहे. ते म्हणतात: फड ही गरिबीच्या काळची सोय होती. आता विहीर आहे, वीज आहे, ठिबक आहे. ठिबकाची विद्या तर खानदेशातूनच देशभर पसरली. मग दहाजणांच्या मिनतवाऱ्या करीत पाटाच्या पाळीची वाट का पाहावी?

ठिबकाविषयी आमचे काहीएक वाकडे नाही. पाणी वाचविणारे कोणतेही साधन स्वागतार्हच आहे. परंतु ठिबक पाणी वाटते, ते पाणी निर्माण करीत नाही. विहिरीत पाणी येते कोठून? मातीच्या पाटातून आणि भिजलेल्या फडातून जे पाणी दरवर्षी जमिनीत मुरते त्याचाच पाझर आजूबाजूच्या विहिरींस लागतो. ज्याने फडाचा पाटकरी सोडला, वर्गणी सोडली, फावडे सोडले, त्याच्या विहिरीत पाटाचेच पाणी आहे! ज्यास शंका असेल त्याने एक साधा प्रयोग करून पाहावा. आवर्तन सुटण्याच्या आदल्या दिवशी दोरीस दगड बांधून विहिरीच्या पाण्याची खोली मोजावी, पाट आठ-पंधरा दिवस वाहिल्यावर पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत. मग पाटावर आपण अवलंबून नाही, हे वाक्य पुन्हा उच्चारावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे.

आणि केवळ विहिरींच्या भरवशावर राहिल्याने काय होते हे पाहावयास आपणांस फार दूर जावे लागत नाही. रावेर-यावलचा केळीचा पट्टा म्हणजे अवघ्या खानदेशाचे भूषण. तेथील शेतकऱ्यांचे कष्ट आणि हुशारी ह्यांविषयी कोणाचेच दुमत नाही. पण प्रत्येकाने आपापल्या बळावर पाणी उपसले. विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या, आणि त्या खोल खोल जात राहिल्या. अखेर सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचे पाणी जमिनीत पुन्हा मुरविण्याची प्रचंड योजना आखावी लागली, आणि तिच्यासाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्या दोन राज्यांत २०२५ साली करार झाला. मुरविण्याचे काम किती मोलाचे आहे हे ह्यावरून दिसते. पांझरेकाठी तेच काम मातीचा पाट शेकडो वर्षे फुकट करीत आला. आणि तोच आपण गाळाने बुजू देत आहो.

ह्या ठिकाणी आम्ही वाचकांस थोडे दूर देशी नेऊ इच्छितो. कारण पाण्याच्या काठच्या लहान गावांचा हाच प्रश्न दुसऱ्यांनी कसा सोडविला हे पाहिल्यास आपल्या प्रश्नावर प्रकाश पडतो. इंग्लंडच्या पूर्व भागात केंब्रिजशायर, लिंकनशायर व नॉरफोक ह्या परगण्यांत ‘फेन’ नावाचा सखल, दलदलीचा मुलूख आहे. आपल्याकडे पाणी नाही म्हणून शेती होत नाही. तेथे पाणी फार म्हणून होत नसे. वस्ती लहान लहान खेड्यांची, भोवती नाले, चर आणि संथ नद्या. अशा एका किंवा काही खेड्यांचा मिळून एक ‘पॅरिश’ होतो. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या कक्षेतील टापू. परंतु पुढे रस्ते, गरिबांची तरतूद इत्यादी गावकीची कामेही त्याजकडेच आली. १५५५ च्या कायद्याने पॅरिशमधील लोकांवर आपल्या हद्दीतील रस्त्यांसाठी वर्षातून चार दिवस काम करण्याचे बंधन घातले. १५६३ साली त्याचे सहा दिवस झाले. आणि हा नियम १८३५ पर्यंत कायम होता. १८९४ च्या कायद्याने खेड्यांतील पॅरिशांस निवडलेली कौन्सिले मिळाली. आपल्या ग्रामपंचायतीचीच ही बहीण म्हणावयाची.

पाण्याच्या बाबतीत त्यांची शिस्त ह्याहूनही कडक. १५३१ साली आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने चर व बांध राखण्यासाठी मंडळे नेमण्यात आली, आणि कोणाच्या जमिनीस किती लाभ होतो हे पाहून त्याच्यावर किती बोजा टाकावा हे ठरविण्याचा अधिकार त्यांस देण्यात आला. सतराव्या शतकात व्हर्मायडेन नावाच्या डच अभियंत्याने मोठमोठे चर खोदून तेथील दलदल उपसली. १९३० च्या कायद्याने आजची स्थानिक निचरा मंडळे अस्तित्वात आली, आणि इंग्लंडात अशी शंभराहून अधिक मंडळे अद्याप काम करीत आहेत. शेतजमीन कसणारा आपल्या जमिनीच्या प्रमाणात पट्टी भरतो. इतकेच नव्हे, तर त्या टापूतील घरे व कारखाने ह्यांचाही पाण्यापासून बचाव होतो, म्हणून त्यांच्या वतीने नगरांच्या कौन्सिलांकडूनही रक्कम घेतली जाते. नांगर धरणाराच तेवढा चराचा धनी, असे ते मानीत नाहीत. ज्याचा लाभ, त्याचा वाटा, हा त्यांचा साधा हिशेब आहे.

हे काम एकदा करून संपत नाही, ह्याची खूण त्या मुलखात जमिनीतच रोवून ठेवलेली आहे. होम फेन येथे १८५१ साली एक लोखंडी खांब जमिनीत पुरला, त्याचे डोके तेव्हा जमिनीच्या पातळीत होते. पाणी उपसल्यामुळे तेथील कुजकट माती आकसत व झिजत गेली, आणि आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. जमीन खचली, म्हणून पाणी उपसणे आता कधीच थांबविता येत नाही. माणसाने पाण्याची वाट एकदा बदलली म्हणजे ती राखण्याचे कर्तव्य पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मागे लागते, हे तो मुका खांब सांगत आहे. आपल्या पूर्वजांनी नदीची वाट वळवून पाट काढला, तेव्हा तेही असेच एक कर्तव्य आपल्या सातबारावर चढवून गेले. ते उताऱ्यात लिहिलेले नाही इतकेच.

आता ‘सरकारने काढावा’ ह्या उत्तराकडे वळू. सरकारने पुष्कळ करावे ह्याविषयी वाद नाही. बंधाऱ्याची मोठी डागडुजी, आवर्तनाचे वेळापत्रक आधी जाहीर करणे, नदीपात्रातील बेकायदा उपसा रोखणे ही कामे एकट्या गावाच्या शक्तीबाहेरची आहेत, आणि ती हक्काने मागितली पाहिजेत. परंतु दर साली पाटातील गाळ काढण्यास सरकारी ठेकेदार येईल, अशी वाट पाहणारे गाव पाण्याचा हक्कही हळूहळू गमावून बसते. जो हात फावडे धरीत नाही, त्यास वाटणीच्या वेळी बोलण्यास तोंड राहत नाही. कायदाही आज गावास आडवा येत नाही, उलट बोलावीत आहे. महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा अधिनियम २००५ साली झाला. पाणी वापर संस्थेने पाणी मोजून घ्यावे आणि आपल्या सभासदांत आपण वाटावे, पीक कोणते घ्यावे ह्याची मोकळीक असावी, आणि कारभारी मंडळात कालव्याच्या माथ्याचे, मधले व शेवटचे अशा तिन्ही भागांतील शेतकरी असावेत, ही त्यातील मुख्य कलमे. ज्या मुलखात बारेकरी पाणी फिरवीत असे त्या मुलखास ह्यात नवीन काय आहे? आपली जुनी वस्तू सरकारने नव्या कागदात गुंडाळून परत दिली आहे. मात्र कागद म्हणजे वस्तू नव्हे. नोंदणी झालेली, शिक्का असलेली, परंतु वर्षातून एकदाही पाटावर न जमणारी संस्था ही आम्ही संस्था समजत नाही.

जुन्या व्यवस्थेत दोष नव्हते असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि ते झाकून तिचा पुरस्कार करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गाव मिळून ठरवी असे आम्ही वर लिहिले. परंतु त्या गावात कोणाचा शब्द चाले हे आपण सर्व जाणतो. जमीन ज्याच्या नावे नव्हती त्यास सभेत आवाज नव्हता. घरधनीण शेतात राबे, पण चावडीवर बसत नसे. बारेकरी व जागल्या ह्यांचा मोबदला त्यांनी नव्हे, तर मालकांनी ठरविलेला असे. पाटाखालची जमीन बागायत झाली, पण पाटाच्या वरच्या अंगाची कोरडवाहू तशीच राहिली. ह्या उणिवा जुन्या काळाच्या म्हणून सोडून द्यावयाच्या नाहीत. नव्याने घडी बसविताना त्या दुरुस्त केल्याच पाहिजेत. तसेच एका फडात एकच पीक हा नियम आज जुलमाने लादावा असेही आमचे मत नाही. जमिनीचे तुकडे झाल्यावर तो नियम पूर्वीइतका न्याय्य राहिलेला नाही. पिकाची मोकळीक खुशाल असू द्यावी. परंतु पीक ज्याचे त्याचे असले तरी पाट सर्वांचा आहे. आणि एकाच्या मोकळिकीने दुसऱ्याचे पाणी तुटत असेल तर तेथे ती मोकळीक संपली, असे समजले पाहिजे.

गावाने आपणच आपल्यावर बंधन घालून ते पाळणे आजच्या काळात शक्य नाही, असे कित्येकांस वाटते. त्यांनी साक्री तालुक्याच्याच डोंगराळ भागातील बारीपाडा हे लहानसे आदिवासी गाव पाहून यावे. उजाड झालेले रान गावाने राखावयाचे ठरविले, झाडे तोडणाऱ्यास दंड बसविला, तो दंड आपपरभाव न ठेवता घेतला, आणि आज तेथे शेकडो हेक्टर जंगल उभे आहे. ह्या कामात पुढाकार घेणारे श्री. चैत्राम पवार ह्यांस २०२५ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. बारीपाड्याजवळ आपल्याहून अधिक पैसा नव्हता, अधिक विद्या नव्हती. नियम केला तो पाळावयाचा, एवढा एकच गुण अधिक होता. अमेरिकेतील विदुषी एलिनोर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच विषयाच्या अभ्यासाबद्दल. सामायिक पाणी, कुरण, रान ह्यांचा नाश अटळ नसतो. वापरणारेच नियम करणारे असले आणि नियम मोडणाऱ्यावर त्यांचीच नजर असली, म्हणजे अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले.

तेव्हा नुसती हळहळ पुरे. पांझरेकाठच्या आणि तशाच इतर गावांच्या विचारार्थ आम्ही पुढील सूचना मांडतो.

पहिली: पाटसफाईचा दिवस ठरलेला असावा. दसऱ्याच्या आत पाट मोकळा, हा नियम गावसभेने एकदाच करावा, म्हणजे दरवर्षी त्याची चर्चा नको.

दुसरी: पाट मोजून वाटून द्यावा. समजा, पाट तीन किलोमीटर लांब आहे आणि त्याखाली तीनशे एकर जमीन आहे. तर एकरी दहा मीटर पाट वाट्यास येतो. पाच एकरवाल्याने पन्नास मीटर काढावा, एक एकरवाल्याने दहा. ज्यास येणे शक्य नाही त्याने तेवढ्या कामाची मजुरी आधी जमा करावी, मागाहून नव्हे. जमीन बाईच्या नावे असेल तर ती सभेस बोलाविली जावी आणि तिचे मत मोजले जावे.

तिसरी: ज्या विहिरींस पाटाचा पाझर लागतो, त्यांच्या धन्यांनीही वाटा उचलावा. कोणत्या विहिरीस पाझर लागतो हे ठरविण्यास अधिकारी नको. वर सांगितलेला दोरी-दगडाचा प्रयोग गावासमक्ष करावा. पाटाखालच्या शेतकऱ्याच्या निम्म्याने वाटा ठेविला तरी कोणास जड जाणार नाही, आणि ‘मी पाटावर अवलंबून नाही’ हे भांडण कायमचे मिटेल.

चौथी: पाटात कोणाचाही पंप नको. हा नियम प्रथम गावातील वजनदार माणसाच्या पंपास लागू करावा. मग इतरांस सांगावे लागणार नाही.

पाचवी: पाणी फिरविण्यास माणूस नेमावा, आणि मालकाने दारे धरू नये, ही जुनी शिस्त पुन्हा आणावी. ह्या माणसाचा पगार वेळेवर आणि रोख द्यावा. जो सर्वांस सारखे पाणी देतो त्यास उधारीवर ठेवणे म्हणजे त्यास एखाद्याचा मिंधा करणे होय.

सहावी: टंचाईच्या वर्षी सर्वांचे क्षेत्र सारख्या प्रमाणात कमी करावे, शेवटच्याचे संपूर्ण तोडून माथ्यावरच्याचे संपूर्ण राखू नये. आणि जमाखर्चाचा फळा चावडीवर टांगावा, म्हणजे ज्यास वाचता येते त्याने न वाचणाऱ्यास वाचून दाखवावा.

ह्यांत एकही सूचना अशी नाही की जीस मोठे भांडवल लागेल. मात्र ज्यांचे शेत माथ्यावर आहे, ज्यांची विहीर भरलेली आहे आणि ज्यांच्या शब्दास गावात मान आहे, त्यांनी प्रथम उठावे लागेल. आमच्या संघाचे बहुतेक सभासद ह्याच वर्गातील आहेत, म्हणूनच हे आम्ही त्यांस स्पष्ट लिहितो. शेवटच्या शेतकऱ्याने उठून काही होत नाही. त्याचे फावडे कोरड्या चारीत चालते. माथ्यावरच्याने आपल्या शेतापुढचा पाट एक हात अधिक खोल काढला, तर त्याचे पाणी तसूभरही कमी होत नाही, आणि खाली दहा घरांत गहू येतो.

खानदेशात आखाजीस शेतीचे नवे साल धरतात. जुन्या सालदाराचा हिशेब पुरा होतो, नवा ठरतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांस झोके बांधले जातात. घरोघरी इतके ठराव होतात त्या दिवसांत गावाने पाटाचाही एक ठराव करावा. पाणी फिरविणारा माणूस त्याच दिवशी ठरवावा, कोणाच्या वाट्यास किती मीटर पाट आला त्याची यादी त्याच दिवशी वाचावी, आणि दसऱ्यापूर्वी ती पुरी करावी. पाटाचा गाळ कोणी काढावयाचा, हा प्रश्न मग पुन्हा कोणी विचारणार नाही. आणि ज्या गावात तो विचारावा लागत नाही, त्या गावाचे पाणी कोणास सहजासहजी तोडता येणार नाही, अशी आमची खात्री आहे.